गुरुजन परिवारातला उन्हाळा

मार्च सरत आला की आमच्या पडेगावच्या कॉलनीत दोन गोष्टी एकाच सुमारास सुरू होतात. एक, टँकरवरची भांडणं. दुसरी, शिक्षकांचे सत्कार. टँकर गल्लीच्या तोंडाशी येतो, सत्कार मोबाईलमध्ये येतात. यंदाही दोन्ही वेळेवर आले. सकाळी मी टाकीत पाइप सोडून उभी होते आणि ओट्यावर ठेवलेला फोन सारखा थरथरत होता. कुणा गुरुजींना कुठल्याशा मंचाचा पुरस्कार मिळाला होता. फेटा, शाल, हातात फ्रेम, आणि खाली अभिनंदनाची ही लांब रांग. ज्यांनी त्या गुरुजींचा वर्ग उभ्या जन्मात पाहिलेला नाही, त्यांनी टाळ्या वाजवलेल्या. मला निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण या ग्रुपमधून मला कुणी काढत नाही. तिथं माणूस एकदा आला की टाळ्यांपुरता कायमचा.

माझा स्वभाव नावं ठेवणारा आहे, हे आधीच सांगते. आमचं घराणं कारकुनांचं. समोरच्याचं शुद्धलेखन तपासल्याशिवाय आम्ही त्याच्या दुःखाकडे बघत नाही. वडील लग्नपत्रिकेतल्या चुकासुद्धा लाल शाईनं दुरुस्त करत आणि मगच लग्नाला जात. तेव्हा त्या ग्रुपबद्दल मी जे लिहीन त्यातला थोडा आंबटपणा घराण्याचा समजावा. उरलेला मात्र ग्रुपनं कमावलेला आहे.

नोकरीत असताना मी त्या ग्रुपमध्ये आले, तो उन्हाळा आठवतो तो आधी अंगाला आठवतो. घशाला, टाचांना, केसांना. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. शहराला आठ-आठ दिवसांनी पाणी येई आणि आलं तरी ते वास घेऊनच येई. कूलरमध्ये पाणी घालायचं की पिण्याला ठेवायचं, यावर घराघरांत वाद. मी रोज पैठण रोडनं शाळेत जायची. चितेगावच्या कंपन्या मागे पडल्या की उजव्या हाताला प्लॉटिंगच्या पाट्या सुरू व्हायच्या. निळ्या आकाशाखाली हिरवी लॉन, कारंजं, पांढरी घरं. आणि पाटीच्या खांबाला पाठ घासणारी खंगलेली म्हैस. बिडकीनकडे नवे रस्ते पडत होते, एवढे रुंद की त्यांच्यावरून जायला अजून गाड्याच जन्मल्या नव्हत्या. त्या रस्त्यांच्या मधोमध लावलेल्या शोभेच्या झाडांना टँकर पाणी घाली. शेजारच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन त्या टँकरच्या मागे चालत. ड्रायव्हरनं एखाद्या झाडाला कमी पाजलं तर तेवढं त्यांना मिळे.

माझी शाळा त्या रस्त्यांच्या अलीकडे होती. निम्मी पोरं गावातली, निम्मी कंपन्यांच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांतली. कुणाचे आईबाप बिहारचे, कुणाचे परभणीकडचे, कुणी तांड्यावरून आलेले, कुणाच्या घरी दखनी उर्दू. वर्गात मराठीचं पुस्तक उघडलं की त्यांच्या चेहऱ्यांवर एक नम्र परकेपण यायचं. मला ते दिसायचं. मी हजेरी घ्यायची, शिकवायची, वेळ झाली की घरी यायची. शेजारच्या शाळेतली बाई काय करते हे मला माहीत नव्हतं, माझं तिला माहीत नव्हतं. पंचवीसेक वर्षं असंच चाललं होतं. शिक्षकांच्या बैठका होत, पण तिथं माहिती भरायची असते. शिकवण्यावर बोलायला तिथं कुणाला वेळ?

अशात कुणीतरी मला त्या ग्रुपमध्ये घातलं. नाव होतं ‘उपक्रमशील गुरुजन परिवार’. न विचारता घातलं; परिवारच तो, विचारायचं कशाला. मला क्षणभर बरं वाटलं होतं, हे खोटं का सांगू. वाटलं, चला, एवढे मास्तर एका जागी आहेत, काही तरी कामाचं कानावर पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत सुप्रभात सुरू झाली. आणि काय चित्रं! धबधबे. हिरवेगार डोंगर, फेसाळणारे धबधबे, दवानं भिजलेली कमळं. ज्या गावांत पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती, त्याच गावांतले गुरुजी एकमेकांना रोज धबधबे पाठवत होते. मी टँकरच्या रांगेत उभी राहून एकेक धबधबा पुसून टाकायची.

सुप्रभात संपली की वाढदिवस. वाढदिवस संपले की प्रमाणपत्रं. घरबसल्या प्रश्न सोडवायचे, चुकले तरी प्रमाणपत्र मिळायचं, ते स्वतःच ग्रुपवर टाकायचं आणि स्वतःच ‘आपल्या शुभेच्छांचे फळ’ म्हणून खाली लिहायचं. मग उपक्रम. एका गुरुजींनी वृक्षारोपण केलं. भेगाळलेल्या जमिनीत काडीएवढं रोप, भोवती हसणारे पाहुणे, आणि वरून पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतणारा हात. पोरं मागच्या रांगेत. त्या फोटोत बाटलीकडे बघणाऱ्या एका पोरीचा चेहरा मी मोठा करून पाहिला. तिला तहान लागली होती. खाली सगळ्यांनी लिहिलं होतं, ‘प्रेरणादायी’.

या परिवाराचे कुटुंबप्रमुख खंडागळे सर. ग्रुप त्यांनी काढलेला. आमच्याच तालुक्यात शिकवायचे. अंगानं भरलेले, कायम इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासोबत एक फोटो. माणूस कष्टाळू होता हे नाकारणार नाही. एवढे फोटो काढायचे म्हणजे कष्ट पडतातच. तेव्हा शाळा ‘प्रगत’ म्हणून जाहीर करायचं वारं होतं. सगळ्या पोरांना वाचता येतं, असं एकदा लिहून दिलं की शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तसं रंगवायचं. खंडागळे सरांची शाळा पहिल्या झटक्यात प्रगत झाली. मग बाकीच्या भराभर झाल्या. माझीही झाली. मुख्याध्यापकांनी रंगारी बोलावला आणि दुपारपर्यंत आम्ही प्रगत होतो.

एप्रिलमधल्या एका तापलेल्या दुपारी त्या ग्रुपवर एक संदेश आला. लिहिणारी होती शीतल काळे. बिडकीनच्या पुढच्या एका वस्तीशाळेवर नुकतीच लागलेली शिक्षणसेवक; म्हणजे अजून कायम न झालेली, मानधनावर दिवस काढणारी. शेतकऱ्याच्या घरची, घरातली पहिलीच नोकरी. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा फक्त तिचा संदेश दिसला. तिनं लिहिलं होतं की तिच्या चौथीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना जोडाक्षरं सोडाच, साधे शब्दही वाचता येत नाहीत. त्यांना असंच पाचवीत ढकलायचं तिच्या जिवावर आलंय. कुणी अशा मुलांना वाचायला शिकवलं असेल तर कसं ते सांगावं. आणि शेवटी एक ओळ: ‘शाळेच्या भिंतीवर प्रगत शाळा असं लिहिलंय, पण ते वाचता येणारी पोरंच वर्गात थोडी आहेत.’

मी ते पुन्हा वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मला पहिल्यांदाच दिसूनही दिसल्या नाहीत.

ग्रुप बराच वेळ गप्प राहिला. शेकडो मास्तर, आणि सगळे गप्प. मग कुणीतरी एका गुरुजींच्या वाढदिवसाचा केक टाकला आणि सगळ्यांची सुटका झाली. केकखाली शुभेच्छा वाहू लागल्या. त्या ओसरल्यावर खंडागळे सरांनी लिहिलं की ताई, आपल्या परिवारात सकारात्मक पोस्ट अपेक्षित आहेत. मग इतरांना कंठ फुटला. एक म्हणाले, मूल कधीच नापास होत नसतं, शिक्षक कमी पडतो. दुसऱ्यांनी इच्छाशक्तीवर उतारा टाकला. तिसऱ्यांनी स्वतःच्या शाळेतल्या नाचाचा व्हिडिओ. एका बाईंनी नुसते जोडलेले हात. संध्याकाळच्या आत शीतल काळेला ग्रुपमधून काढल्याची करडी ओळ पडद्यावर आली आणि तिच्याखाली लगेच कुणीतरी धबधबा पाठवला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण तिच्या संदेशाचा फोटो काढून कुणीतरी वर कार्यालयात पाठवला. परिवारातलंच कुणीतरी. तिला बोलावणं आलं. शाळा प्रगत आहे असं तुम्हीच सही करून दिलंय, मग हे काय? एक तर संदेश चुकून गेला असं लिहून द्या, नाही तर पोरांना वाचता का येत नाही याचा खुलासा द्या. खुलासा दिला तर दोष तिचाच. आणि तिचं कायम होणं त्यांच्याच हातात. हे मला आमच्या केंद्रप्रमुखांनी सांगितलं, तेही हसत. त्यांच्या मते पोरगी येडी होती. म्हणाले, समजदार असती तर घरी बसून गप शिकवलं असतं.

त्यांच्या त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. ग्रुपवरून तिचा नंबर मी आधीच उतरवून ठेवला होता. फोन लावला.

पलीकडून दबका आवाज आला. मी कोण ते सांगितलं, तर ती एकदम म्हणाली, “मॅडम, मी चुकून टाकलं ते. कुणावर बोट नाय दाखवायचं मला.” मलाही तिनं त्यांच्यातलीच समजलं होतं.

मी म्हटलं, “मी समज द्यायला फोन नाही केला. माझ्याही पोरांना वाचता येत नाही. माझीही शाळा प्रगत आहे.”

ती हळूच म्हणाली, “तुमच्याकडं पण?” आणि मग तिला हसू फुटलं की रडू, ते फोनवर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही बिडकीनला एका रसवंतीत भेटलो. बर्फ नव्हता, चरकावर माश्या होत्या, आणि रस कोमट होता. शीतल दिसायला अगदीच पोरसवदा, उन्हानं काळवंडलेली, स्कूटीवर तोंडाला ओढणी बांधून आलेली. तिच्यासोबत आणखी एक जण होते, मुबीन सर. जुन्या शहरात रोशनगेटच्या बाजूला राहणारे, शहराच्या कडेला एका मराठी शाळेवर शिकवणारे. त्यांनीही तो संदेश वाचून तिला फोन केला होता. म्हणजे शेकडो लोकांच्या त्या परिवारात तिला फोन करावासा वाटलेले आम्ही दोघेच निघालो. मी आल्या आल्या ग्रुपला शिव्या घालायला सुरुवात केली. मुबीन सरांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, वो छोडो. बच्चे अटकतात कुठं, ते बघू आधी.”

नोकरीच्या एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मलाही कुणाला विचारावासा वाटला नव्हता, कारण विचारायला कुणी होतं कुठं? त्या रसवंतीत आम्ही बराच वेळ बसलो. कुठलं अक्षर पोरं कशाशी गल्लत करतात, कोणता धडा त्यांना परक्या देशातला वाटतो, घरी जी भाषा आहे ती वर्गात आली की पोरगं गप्प का होतं. मला आठवतं, बोलता बोलता मी माझाच रस प्यायचा विसरले. मुबीन सरांनी एक साधी गोष्ट सांगितली. ते पोरांना आधी बोलू देत. पोरगं जे बोलेल तेच, त्याच्याच शब्दांत, फळ्यावर लिहीत. मग तेच त्याला वाचायला लावत. आपण बोललेलं वाक्य पोराला आधीच पाठ असतं, त्यामुळे अक्षरांची भीती जाते. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. दखनी बोलणारी पोरं मराठीत गप्प बसायची म्हणून त्यांनी आपलं आपणच सुरू केलेलं.

दुष्काळामुळे त्या वर्षी सुटीतही शाळेत खिचडी शिजवायची होती. पोरं जेवायला यायचीच. शीतलनं ठरवलं, खिचडी शिजेपर्यंत वाचायचं. मी माझ्या शाळेवरची खिचडीची पाळी उरकून तिच्याकडे जायला लागले. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, काल काय झालं ते सांगा. अर्जुन नावाचा एक पोरगा होता, बाप कंपनीत, बोलणं निम्मं हिंदी निम्मं इथलं. तो उठून म्हणाला, टँकर आला तं मम्मीची कळशी चेपली, मम्मी लई बोंबलली. वर्ग हसला. शीतल खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “मॅडम, बोंबलली असं लिहू?”

माझ्यातला कारकून तडफडला. ओरडली लिही, असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, तो जे बोलला ते लिही.

तिनं लिहिलं. अर्जुन फळ्याजवळ गेला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागला. बोंबललीपाशी आला तेव्हा सगळा वर्ग त्याच्यासोबत वाचत होता. भांड्यावर झाकण आदळलं, खिचडीचा वास आला, पण कुणी उठलं नाही. प्रत्येकाला आपलं वाक्य फळ्यावर हवं होतं.

आम्ही तिघांनी आमचा एक ग्रुप केला. सुप्रभातीला बंदी. पोरगं वाचताना आवाज टिपायचा आणि पाठवायचा. बाकीच्यांनी ऐकून सांगायचं की अडतंय कुठं. दुपारी पंख्याखाली पडून मी कुणाकुणाच्या पोरांचं वाचन ऐकायची. अडखळणं, नाक ओढणं, मागे कोंबडा, मध्येच आईची हाक. धबधब्यांपेक्षा ते कानाला कितीतरी गार लागायचं. शीतल लिहायची, ‘मॅडम, तुमची ती पोरगी अक्षर ओळखते पण काना सोडून देती.’ मी पुन्हा ऐकायची, आणि खरंच, काना सोडत असायची. माझ्या वर्गात दुसऱ्या कुणाचे तरी कान आले होते.

मे महिन्यात शीतलची सुनावणी झाली. मुबीन सर आणि मी सोबत गेलो, पण आत तिला एकटीलाच घेतलं. बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी खंडागळे सर बसले होते, दुसऱ्या कामासाठी आलेले. मला नमस्कार करून म्हणाले की ताईंनी जरा समजुतीनं घ्यायला हवं होतं, परिवाराची बदनामी झाली. मी त्यांच्या खिशातल्या दोन पेनांकडे बघत बसले आणि विचार करत राहिले, या दोहोंतल्या एकानं तरी कधी एखाद्या पोराच्या वहीवर काही लिहिलं असेल का?

शीतल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. आत काय झालं ते तिनं जिन्यात सांगितलं. साहेबांनी तयार मजकूर पुढे केला होता, संदेश चुकून गेला म्हणून. ती म्हणाली, “मी म्हटलं, साहेब, चुकून नाय गेला. पोरं वाचायला लागली की मी स्वतः येऊन सांगते.” साहेब चिडले. तिची फाइल बाजूला ठेवली. मुदत भरली तेव्हा तिच्याबरोबर लागलेले सगळे कायम झाले. ती कितीतरी महिने मागं राहिली. घरी बाप बोलला, सासर ठरत होतं ते थांबलं. तिनं आमच्यापाशी त्याबद्दल फारशी तक्रार केली नाही. फक्त एकदा, पैठण रोडला स्कूटी थांबवून ती बराच वेळ पाण्याविना पडलेल्या शेतांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, गप बसायला पायजे होतं का?” मी नाही म्हटलं. पण नाही म्हणणं मला सोपं होतं, माझी नोकरी पक्की होती.

पुढे ती कायम झाली. साहेब बदलले, नव्या साहेबांनी वर्गात येऊन पोरांना वाचायला लावलं आणि पोरांनी वाचलं. आमच्या छोट्या ग्रुपमध्ये एकेक करून माणसं आली. कन्नड तालुक्यातली एक बाई, पैठणचं एक जोडपं. त्यांतल्या काहींना मी आजतागायत पाहिलेलं नाही, पण त्यांच्या वर्गातल्या पोरांचे आवाज मी ओळखते.

आणि मग खंडागळे सरांना पुरस्कार मिळाला. कशाबद्दल? मुलांच्या बोलीतून वाचन, म्हणजे आमचीच पद्धत, त्यांनी कुठूनशी नुसती ऐकलेली. फोटोत फळा होता, फळ्यावर एक गोड, घासूनपुसून शुद्ध केलेलं वाक्य होतं, आणि खाली टाळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शीतलला फोन करून म्हटलं, याचं बिंग आपण फोडू. ती म्हणाली, सरांचा तिला आदल्याच दिवशी फोन आला होता. शाळा बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते आणि सरांच्या पोरांना वाचता येत नव्हतं. आवाज खाली आणून विचारत होते, ताई, नेमकं करायचं कसं? आणि कुणाला सांगू नका.

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“सगळं सांगितलं. तासभर.”

मी तिच्यावर चिडले. ज्या माणसानं तुला काढलं, ज्याच्या परिवारानं तुला साहेबांपुढे उभं केलं, त्याला तू तासभर शिकवलंस? ती म्हणाली, “पोरं त्याची नायत ना मॅडम.”

मी तिच्याएवढी मोठी नाही. मला तो माणूस तेव्हाही आवडत नव्हता, आताही आवडत नाही. मदत मागतानाही त्याला झाकपाक हवी होती, याची मला आजही शिसारी येते. पण आठवड्याभरानं आमच्या छोट्या ग्रुपवर एका अनोळखी नंबरावरून आवाज आला. शीतलनं आम्हाला न विचारता त्यांना आत घेतलं होतं. एक पोरगी वाचत होती. विहीर शब्दापाशी थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली. मागून एक पुरुषी आवाज घाईघाईनं तिला शब्द सांगत होता. मी तो आवाज ओळखला. मग मुबीन सरांनी लिहिलं, सर, बच्ची को बोलने दो, तुम्ही गप्प राहा.

मी फोन कानाला लावून ते पुन्हा ऐकलं. पोरगी चांगली होती. वेलांटीला भीत होती, एवढंच. मी तसं लिहिलं.